सायकल कुणाला द्यायची, हे त्याला माहीत होतं

नमस्कार ताई,

आम्ही अमळनेरला राहतो. मी बँकेत आहे, मिस्टर शिक्षक. मुलगा पाचवीत, एकुलता एक. अभ्यासात हुशार आहे, पण त्याचा हात सुटत नाही. शेजारची मुलं खेळायला आली की रिमोटची गाडी कपाटात जाते. डब्यातला खाऊ संपवून मगच मित्रांत जाऊन बसतो. सासूबाई अहिराणीत म्हणतात, ‘आंडोर बापवर गया’, म्हणजे पोरगा बापावर गेला. मिस्टरांना ते आवडत नाही आणि घरात त्यावरून कुरबुर होते.

यंदा दिवाळीत कॉलनीतल्या मंडळींनी चोपड्यापलीकडे सातपुड्यातल्या एका पाड्यावर कपडे आणि फराळ वाटायचं ठरवलं. मुलाला द्यायची सवय लागावी म्हणून त्यालाही नेलं. त्याची जुनी सायकल त्याला आता लहान होते. ती मी गुपचूप टेम्पोत टाकली. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. तिथे गेल्यावर त्याने ती पाहिली आणि जो काही गोंधळ घातला! शेवटी मी सगळ्यांसमोर दटावून त्याला ती एका मुलाच्या हातात द्यायला लावली. ग्रुपवर आलेल्या फोटोत तो मुलगा हसतोय आणि माझा रडतोय. परत येताना गाडीत म्हणतो, ‘द्यायचीच होती तर मावशींच्या पोराला का नाही दिली? तो मागत होता.’ (मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या. त्यांनी वर्षभरापूर्वी विचारलं होतं. मी नाही म्हटलं, कारण एकदा दिलं की रोजचं मागणं सुरू होतं.) उलट उत्तरं द्यायला बरोबर येतात. पाड्यावरची माणसं मात्र फार साधी हो. एका आजींनी आमच्यासाठी टोपलीभर उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. आम्ही घेतल्या नाहीत. त्यांचंच त्यांना पुरत नसेल.

आता मिस्टरांनी भिंतीवर तक्ता लावलाय. कुणाला काही दिलं, मदत केली की एक स्टार, दहा स्टारचे पन्नास रुपये. सुरुवातीला छान चाललं. आता आजीला पाणी दे म्हटलं तरी विचारतो, ‘स्टार आहे का?’ मिस्टरांचं दुसरं म्हणणं असं की दानधर्म कमावल्यावर करायचा असतो, अझीम प्रेमजींनीही आधी कमावलंच. जानेवारीत मुलाचा वाढदिवस आहे. तो एखाद्या बालगृहात केक कापून साजरा करावा असं माझ्या मनात आहे, म्हणजे आपल्याकडे किती आहे ते त्याला कळेल. ताई, माझा मुलगा स्वार्थी आहे का? आणि देणं शिकवता येतं का?

एक आई, अमळनेर

---

तुमचा मुलगा स्वार्थी नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तोही अगदी कंसाला चिकटून, जिथे तुम्हाला तो महत्त्वाचा वाटला नाही.

‘द्यायचीच होती तर मावशींच्या पोराला का नाही दिली? तो मागत होता.’ तुम्ही याला उलट उत्तर म्हणता. मला हे पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं. एका मुलाने सायकल मागितली होती, हे या पोराने वर्षभर लक्षात ठेवलंय. आपल्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव आहे, हे त्याला दिसलंय. आणि सायकल जायचीच असेल तर ती कुणाकडे जावी, याबद्दल त्याचं स्वतःचं मत आहे. मोठाली माणसं पावती फाडताना एवढा विचार करत नाहीत.

मग तो रडला का? सायकल गेली म्हणून थोडं. आपल्याला न विचारता गेली म्हणून जास्त. आणि ज्याला हवी होती त्याला न मिळता भलतीकडेच गेली, हेही त्यात असणार.

आता मावशींचं बघू. त्यांना तुम्ही नाही का म्हणालात ते प्रामाणिकपणे लिहिलंत, हे बरं केलंत, कारण ती भीती घराघरांत असते आणि बोलून कुणी दाखवत नाही. पाड्यावर देऊन आलं की विषय संपतो. टेम्पो रिकामा होतो, गाड्या वळतात, तापीचा पूल ओलांडला की आपण आपल्या घरी. मावशी मात्र उद्या सकाळी पुन्हा दारात. त्यांच्या मुलाने ती सायकल आपटली तर ते दिसणार, विकली तर कानावर येणार, पुढच्या महिन्यात त्यांनी उचल मागितली तर ‘सायकल दिली ना?’ असं ओठांवर येणार. जवळच्या माणसाला देणं अवघड आहे यात शंका नाही. पण मुलाने शिकायचं ते तिथेच, कारण उद्या तोंड दाखवायचं असतं तेव्हा माणूस नीट देतो. उपकार दाखवून दिलं तर दुसऱ्या दिवशी दोघांनाही अवघडतं, हे मुलाला अनुभवानेच कळतं.

दिवाळीत धुळे, जळगाव, अमळनेर, शिरपूरकडून सातपुड्यात कितीतरी गाड्या जातात. त्या बंद व्हाव्यात असं मी म्हणणार नाही. डोंगरातली थंडी खोटी नाही आणि चांगला स्वेटर कुणाच्याही अंगात ऊबच देतो. (फाटके ब्लाउज आणि चेन तुटलेल्या पँट गाठोड्यात कोंबून ‘वाटप’ करणाऱ्यांविषयी मात्र माझं मत छापण्यासारखं नाही.) पण तुम्ही गेला होतात मुलाला काहीतरी दाखवायला. त्याने काय पाहिलं, तेवढंच मला तपासायचं आहे.

त्याने शेंगांची टोपली परत जाताना पाहिली.

त्या आजींच्या शेंगा बहुतेक त्यांच्याच वावरातल्या असतील, पावसाळी भुईमूग दिवाळीच्या सुमारास निघालेला असतो. पाहुणे आले, चुलीवर शेंगा ठेवल्या, टोपली भरून आणली. पावरा आणि भिल्ल आदिवासींच्या वस्त्यांमध्ये एखाद्याला घर उभारायचं असलं तर पाड्यातली माणसं येऊन हात लावतात. मजुरी कुणी घेत नाही, घरधनी जेवू घालतो. उद्या दुसऱ्याचं घर असलं की हा जातो. म्हणजे ज्यांना द्यायला तुम्ही गेलात, त्यांच्या हाताला देण्याघेण्याचा सराव तुमच्याआमच्या कॉलनीपेक्षा जास्त आहे. आणि नेमकं तेच तुमच्या मुलाला दिसलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच: आपले हात वर, त्यांचे खाली, आणि त्यांनी काही दिलं तर ते घ्यायचं नसतं.

तुमचा हेतू चांगला होता, त्यांचं त्यांना पुरावं हाच. पण आपल्या खानदेशात दारी आलेला माणूस घोटभर चहालाही नको म्हणाला तर घरचे किती मनाला लावून घेतात, ते मी अमळनेरच्या सुनेला काय सांगू? ‘जेवला नाहीत तर निदान पाणी तरी घ्या’ म्हणून वाट अडवणारी आपली माणसं. मग त्या आजींनाच हा मान का नाही? पुढच्या वेळी जाल तेव्हा शेंगा घ्या. त्यांच्या ओट्यावर टेकून तिथेच खा, मुलाला त्यांच्या नातवंडांशेजारी बसवा. उरलेल्या रुमालात बांधून आणा आणि घरी आल्यावर सांगा, ‘या आजींनी दिल्या.’ आजींनी. दिल्या. हे दोन शब्द त्या दिवशी त्याच्या कानावर पडले असते तर गाडीतलं बोलणं कदाचित निराळं झालं असतं.

सायकलकडे येते. ती त्याला लहान झाली होती, कबूल. पण वस्तू लहान होणं निराळं आणि नकोशी होणं निराळं. तुमच्या माहेरच्या एखाद्या साडीचं उदाहरण देत नाही, थेट तुमच्या स्कूटीचं देते. शेजारीण ‘जरा नेऊ का’ म्हणाली तर तुम्ही चावी देण्याआधी मनात दोन हिशेब करताच ना? आणि सासूबाईंनी तुमच्या नकळत ती कुणाला देऊन टाकली तर? ‘तसंही तू बसनेच जातेस’ असं म्हणून? दहा वर्षांच्या पोराला सायकल म्हणजे तुमच्या स्कूटीहून जास्त.

कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर एक उदास झालेला बाहुला ठेवला आणि प्रत्येक मुलाकडे एक स्टिकर. काहींना खरी निवड दिली: स्टिकर त्याला दे किंवा तुझ्याकडेच ठेव. काहींना द्यायलाच लावलं. काहींची निवड नावापुरतीच होती. नंतर दुसरा बाहुला आणला आणि मुलांच्या हाती आणखी स्टिकर दिले, कुणी काही सांगितलं नाही. ज्यांनी पहिल्यांदा स्वतः ठरवून आपली वस्तू सोडली होती, त्यांनी दुसऱ्या वेळीही जास्त दिलं. ज्यांना द्यायला लावलं होतं, त्यांचं तसं झालं नाही. मुलाने स्वतः ठरवून दिलं की ‘मी देणारा आहे’ असं त्याला स्वतःबद्दल वाटू लागतं. दटावून द्यायला लावलं तर एवढंच कळतं की आई रागावली की द्यावं लागतं.

म्हणून पहिलं काम हे करा. एखाद्या निवांत संध्याकाळी त्याला सांगा, ‘सायकल तुझी होती. तुला विचारायला हवं होतं.’ तिथेच थांबा. पुढे ‘पण तूही सगळ्यांसमोर...’ असं काही आलं की सगळं पाण्यात. त्याने लगेच ‘ठीक आहे आई’ म्हणावं अशी अपेक्षाही ठेवू नका. तो कदाचित पुन्हा चिडेल, सायकलची घंटी कशी होती ते सांगत बसेल. ऐका.

आणि यापुढे त्याच्या वस्तूंवर त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क द्या. रिमोटची गाडी कपाटात ठेवतो? ठेवू दे की. मुलं खेळायला येण्याआधी विचारा, आज बाहेर काय ठेवायचं आणि आत काय. जे बाहेर आहे ते सगळ्यांचं, जे आत आहे ते त्याचं. आत ठेवायची मुभा असली की मुलं बाहेर जास्त काढतात, हे मी खूप घरांत पाहिलंय. हिसकावलं जाण्याची धास्ती गेली की मूठ आपोआप सैल होते. डब्यातल्या खाऊबद्दल तर मला काही गैर वाटतच नाही. पाचवीच्या वर्गात शेवचिवड्याचा डबा उघडा ठेवला तर मालकाच्या वाट्याला काय उरतं, ते त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

भिंतीवरचा तक्ता उतरवा. शिक्षक माणसाला तक्ते आवडतात, मला समजतं, आणि पाढे पाठ करून घ्यायला तो कामाचाही असेल. मदतीला मात्र तो बाधतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. एवढीशी पोरं! मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायची, एवढंच काम. काहींना प्रत्येक वेळी खेळणं बक्षीस मिळालं, काहींना शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद केल्यावर बक्षिसाची सवय लागलेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी उठली. मुळात मदत करायला त्यांना कशाचीच गरज नव्हती. आपणच मध्ये किंमत घातली, आणि मग किंमत नाही तर काम नाही. तुमच्या घरात ‘स्टार आहे का?’ हे त्याचंच मराठी रूप.

उतरवताना एक पाळा. जमलेल्या स्टारांचे पैसे आधी चुकते करा, कारण शब्द दिला होता. मग वडिलांनीच सांगावं की आता हा तक्ता नाही. आठ-पंधरा दिवस पाणी आणायला कुरकुर होईल. होऊ द्या. त्या काळात तो काही करेल तेव्हा ‘शहाणा माझा बाळ’ असं घाऊक कौतुक करू नका, काय झालं ते सांगा. ‘तू पाणी आणलंस, आजीला गुडघे धरून उठावं लागलं नाही.’ त्याला आपल्या कामाचा परिणाम दिसू दे. मोबदल्यापेक्षा तो पुरतो.

तुमच्या मिस्टरांच्या प्रेमजींकडे यायलाच हवं, कारण अमळनेरात हा दाखला कधी ना कधी निघतोच. साहजिक आहे. १९४५च्या डिसेंबरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने ती कंपनी तुमच्याच गावात तेल-तुपाच्या धंद्यासाठी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि जुने शेअर जपून ठेवणाऱ्या घरांच्या गोष्टी गावात अजून चवीने सांगतात. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते. अमेरिकेतलं शिक्षण सोडून त्यांना कारभार हाती घ्यावा लागला. मार्च २०१९ मध्ये त्यांनी विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरांचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनकडे वळवलं, तेव्हा एकूण हिस्सा ६७ टक्क्यांवर गेला. म्हणजे सर म्हणतात ते खरं, आधी कमावलं. पण त्याच्याही आधीचं एक आहे, ते स्वतः प्रेमजींनीच सांगितलेलं. त्यांच्यावर सगळ्यात मोठा प्रभाव आईचा. त्या डॉक्टर होत्या, पण दवाखाना थाटला नाही. मुंबईत पोलिओसारख्या आजाराने अपंगत्व आलेल्या मुलांसाठी धर्मादाय रुग्णालय उभं करण्यात आणि ते टिकवण्यात त्यांनी जवळपास पन्नास वर्षं घातली. मुलगा ते घरात बघत मोठा झाला. कमाई नंतर आली, डोळ्यांसमोर देणं आधीच होतं. सरांना म्हणावं, दाखला उत्तम आहे, फक्त अर्धा सांगितलात.

आणि ‘कमावल्यावर देऊ’ म्हणणाऱ्यांचं माझ्या पाहण्यातलं असं की त्यांची कमाई कधी पुरी होतच नाही. पण ते जाऊ दे.

आपल्याकडच्या जुन्या रीतींचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई घरात आहेत म्हणून त्यांचा आधार घ्या. फक्त जुनं ते सगळं सोनं असं मानून नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) साल बदलायचं, तेव्हा मालकाच्या घरून धान्य, धडुतं मिळायचं. त्याला ‘देणं’ म्हणण्याइतकं ते सरळ नव्हतं, वर्षभराच्या राबण्याचा हिशेब त्यात होता आणि मालक-गड्यातलं अंतरही होतं. ते मुलाला औदार्य म्हणून शिकवू नका. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचंही बघा. किती प्रेमाने करतात, आणि प्रसाद मात्र भाऊबंदकीतच खायचा. आधी आपल्यांचं बघावं हे माणसाच्या स्वभावातच आहे, मुलांच्याही. ओळखीचा म्हणून मावशींच्या मुलाचा विचार तुमच्या पोराने आधी केला, तो याच न्यायाने. वर्तुळ आपल्यापासून सुरू झालं म्हणून काही बिघडत नाही. ते पुढे मोठं होतं की नाही, एवढं आईबापांनी बघायचं.

मला सगळ्यांत आवडते ती भुलाबाईची खिरापत. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. आज हिच्या घरची, उद्या तिच्या घरची. तिथे गरीब कोण आणि दाता कोण, हा प्रश्नच येत नाही, पाळी प्रत्येकीची येते. श्रीमंताघरच्या पेढ्यापेक्षा कुणाला न ओळखता आलेल्या फुटाण्यांना जास्त मान. सासूबाईंना त्यांच्या लहानपणीच्या भुलाबाईचं विचारा, मुलगा शेजारी असताना. ‘आंडोर बापवर गया’ हे ऐकण्यापेक्षा त्याला ते ऐकू द्या. तसं म्हणणं थांबवायला मात्र हवं. रोज ऐकलं की मुलं ते खरं करून दाखवतात.

याच चालीवर घरात रोजचं काहीतरी सुरू करा, छोटंच. शेजारी वाटी पाठवायची. कळण्याची भाकरी झाली, डुबुकवड्या झाल्या, नाहीतर थंडीतलं भरीत. काय पाठवायचं आणि कुणाकडे, हे त्याला ठरवू दे, नेऊन द्यायला त्यालाच जाऊ दे. पुढे ती वाटी रिकामी परत येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्याकडून आलेलं लोणचं त्याने चाखलं की देणं-घेणं दोन्हीकडून चालतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. एखाद्या दिवशी तो म्हणेल, ‘आज नको, सगळं मलाच हवंय.’ त्या दिवशी राहू द्या.

बालगृहातल्या वाढदिवसाबद्दल मी स्पष्ट सांगते: नको. तुमच्या मनात वाईट नाही, पण तिथल्या मुलांच्या जागी बसून बघा. दर आठवड्याला कुणीतरी अनोळखी मूल नवे कपडे घालून येतं, आईबाबांच्या मध्ये उभं राहून केक कापतं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्यांना आईबाबा नाहीत त्यांना हे दाखवून आपल्या मुलाला ‘आपल्याकडे किती आहे’ ते शिकवायचं? हा धडा महाग पडतो आणि त्याची किंमत भलतीच मुलं मोजतात. शिवाय तिथे काढलेले फोटो ग्रुपवर टाकले तर कायदाही आड येतो. बाल न्याय कायदा, २०१५, त्याचं कलम ७४: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्यायचंच असेल तर अधीक्षकांना फोन करून काय कमी आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर केकसारखं गोड नसतं. चादरी, आंघोळीचा साबण, आतले कपडे, नाहीतर अमुक इयत्तेचं गाईड. ते नेऊन द्या, पावती घ्या आणि या. मुलगा सोबत आला तर सामान उतरवायला हात लावेल. नाही आला तरी चालेल.

वाढदिवस घरीच करा. किंवा जानेवारी आहे, कुणाच्या तरी शेतावर भरीत-पुरी होऊ द्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला मुलांना आवडतंच. बोलावणं कुणाकुणाला ते त्याने ठरवावं. मावशींच्या मुलाचं नाव तो घेईल असं मला वाटतं. घेतलं तर तो पाहुणा म्हणून येईल, बाकीच्या मुलांच्याच पंगतीत बसेल आणि मावशींना त्या दिवशी भांडी घासायला बोलवायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. त्याने त्याच्या ऐपतीने काही आणलं, पेन्सिल असो की बोरं, तर ‘कशाला आणलंस’ न म्हणता तुमच्या मुलाने ते सगळ्यांसमोर घ्यावं. आणि पहिल्या पंगतीला वाढायचं काम वाढदिवसाच्या मुलाकडे. आपल्याकडे लग्नाकार्यात पोरांच्या हाती आधी मीठ देतात, मग पाण्याचा जग, मग जरा मोठं झालं की पुऱ्यांची परात. दहा वर्षांचा झाला म्हणजे पुऱ्यांपर्यंत पोचायला हरकत नाही. कुणाचं पान रिकामं आहे, कोण लाजून नको म्हणतंय, कुणाला खरंच नकोय, हे वाढता वाढता जेवढं कळतं तेवढं कुठल्याही तक्त्याने कळत नाही.

राहिल्या मावशी. मनाला लागलं म्हणून आता नवी सायकल आणून त्यांच्या दारात उभी करू नका. तो तुमचा हिशेब मिटवणं होईल आणि त्यांना ओझं. ‘रोजचं मागणं’ या भीतीवर उपाय आहे, तो म्हणजे देणं आणि पगार वेगवेगळे ठेवणं. दिवाळीचा जास्तीचा पगार, आजारपणाची पगारी सुट्टी, वेळेवर उचल, या गोष्टी त्यांच्या कामाच्या आहेत. त्यात उपकार नाही, आणि तुम्ही तिथे चोख असाल तर बाकीचं मागणं फारसं येतही नाही. जे आलं त्यातलं जमेल त्याला हो म्हणा, जमणार नाही त्याला ‘या महिन्यात नाही जमत’ असं सरळ सांगा. मुलासमोर सांगितलंत तरी चालेल. देणाऱ्यालाही नाही म्हणता येतं आणि तरी दुसऱ्या दिवशी एकमेकींशी नीट बोलता येतं, हेही त्याने बघायला हवं. आणि जेवल्यावर आपलं ताट त्याने स्वतः मोरीत ठेवावं. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, मी अंदाजाने बोलतेय.

त्याची आत्ताची सायकलही दोन वर्षांत लहान होईल. तेव्हा कुणाला द्यायची ते त्याला विचारा. कदाचित म्हणेल, कुणालाच नाही, विकून टाकू. तेही ऐकून घ्या आणि पैशांचं काय करायचं ते विचारा.

केक कुठल्या चवीचा आणायचा हे मात्र आत्ताच विचारून ठेवा.